गव्हाच्या पिठाची पिशवी आणि चार तिरकी चाकं

२०२४ साली गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि नेमका त्याच दिवशी फर्स्ट टेक चॅलेंज या शाळकरी पोरांच्या रोबो स्पर्धेचा नवीन सीझन जाहीर झाला, इन्टू द डीप. म्हणजे आमच्याकडे बडोद्यात दांडिया बाजारात रात्रीची आरती आटपली, मोदक वाटून झाले आणि नववी ते बारावीतली नऊ पोरं माझ्या हॉलमध्ये गणपतीसमोरच लॅपटॉप उघडून बसली. बायको म्हणाली निदान समईला तरी धक्का लावू नका. मी टीमचा मेंटर, म्हणजे नावाला, माझं खरं काम मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, गिअर कटिंग आणि जिग-फिक्श्चरचं, आणि भाची टीममध्ये आहे म्हणून दोन वर्षांपूर्वी यात ओढला गेलो तो गेलोच. अर्धी पोरं मराठी, अर्धी गुजराती, पण सगळी मला काकाच म्हणतात.

हे सगळं लिहायचं कारण असं की त्या सीझनला रोबोची ड्राइव्हट्रेन, म्हणजे चाकं-मोटरींची रचना, ठरवताना आम्ही एक निर्णय दहा मिनिटांत घेतला, मग तो एका दिवसात फिरवला, मग तीन आठवड्यांनी परत पहिल्याच जागी आलो. वरून बघणाऱ्याला वाटेल की वेळ फुकट घालवला, पण मला तसं वाटत नाही, कारण पहिल्यांदा जे "हो" होतं ते आणि शेवटचं "हो" यात खूप फरक होता.

आधी खेळ थोडक्यात, नाहीतर पुढचं कळणार नाही. मैदान १२ फूट बाय १२ फूट, २४ इंची ३६ फोमच्या टाइल्स. रोबो सुरुवातीला १८ इंचांच्या घनात बसला पाहिजे, मोटरी जास्तीत जास्त ८, बॅटरी १२ व्होल्टची. पहिली ३० सेकंद रोबो स्वतःच्या प्रोग्रॅमवर चालतो आणि नंतर दोन मिनिटं पोरं रिमोटवर चालवतात. त्या वर्षी मैदानाच्या मधोमध एक सांगाडा होता, सबमर्सिबल म्हणायचे त्याला, त्यातून छोटे ठोकळे उचलायचे, कोपऱ्यातल्या उंच टोपलीत टाकले तर ८ गुण, किंवा ठोकळ्याला क्लिप लावून सांगाड्याच्या वरच्या दांडीवर लटकवला तर १०. आमच्या पोरांना लटकवण्याचं आवडलं. म्हणजे रोबोने भिंतीशी यायचं, क्लिपवाला ठोकळा घ्यायचा, मधे जायचं, दांडीसमोर नीट उभं राहायचं, लटकवायचं, परत यायचं, आणि दर वेळी आधीच्या ठोकळ्याच्या थोडं बाजूला सरकून लटकवायचं. हे "थोडं बाजूला" लक्षात ठेवा.

जमीन सपाट होती, वाटेत उंबरा नाही काही नाही. २०२१-२२ च्या फ्रेट फ्रेन्झीमध्ये मैदानातच पाइपांचे अडथळे होते, तिथे चाकं ठरवताना चढून जाण्याचा विचार पहिला करावा लागायचा. या वेळी तो प्रश्नच नव्हता.

पर्याय मांडायला घेतले तर एकाने सरळ स्वर्व्ह म्हटलं. त्याने व्हिडिओ पाहिला होता, प्रत्येक चाक स्वतंत्र वळतं, दिसायला भारी. चार मोटरी चालवायला, वर चार सर्व्हो (छोट्या मोटरी) चाकं वळवायला, प्रत्येक चाकाचं वेगळं गिअरिंग, आणि ते सगळं बनवणार कोण तर मी, माझ्या दुकानात, माझ्या रविवारी. नाही म्हटलं. एक्स-ड्राइव्ह म्हणजे चार ऑम्नी चाकं, घेरावर छोटे रोलर असल्यामुळे आडवीही लोळणारी, कोपऱ्यांत ४५ अंशात लावायची, ते कागदावर छान पण १८ इंचांच्या खोक्याचे चारही कोपरे चाकांनीच खाल्ले तर ठोकळा आत घ्यायला तोंड कुठून ठेवणार. तेही गेलं. मागच्या वर्षीचा रोबो मागे रबरी आणि पुढे ऑम्नी अशा चार चाकांचा होता, तो सगळ्यांना नकोसा झाला होता, कारण कुणी बाजूने टेकलं की त्याचं नाक भलतीकडे जायचं. राहिले दोन, सहा चाकी टँक (डावी-उजवी चाकं वेगवेगळी फिरवून वळणारा) आणि मेकॅनम.

सहा चाकीत मधलं चाक दोन-चार मिलिमीटर खाली असतं, त्यामुळे एका वेळी जमिनीला चारच चाकं नीट टेकतात आणि रोबो वळताना घासत नाही. साधं, दणकट, ढकलाढकलीत कुणाला ऐकत नाही. बाजूला मात्र सरकत नाही.

मेकॅनम म्हणजे चाकाच्या घेरावर ४५ अंशात तिरके रोलर. बेंग्ट इलॉन नावाच्या स्वीडिश माणसाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हे काढलं, तो ज्या कंपनीत होता तिचंच नाव मेकॅनम, त्यावरून चाकालाही तेच नाव पडलं. चाकाला मोटर सरळ फिरवते पण जमिनीला टेकलेला रोलर तिरका असल्यामुळे जोर तिरका लागतो, आणि चार चाकांचे चार तिरके जोर हवे तसे जुळवले की रोबो पुढे, मागे, आडवा, जागच्या जागी गोल, कसाही जातो. आमच्याकडे चार ९६ मिलिमीटरची मेकॅनम चाकं एका ओळखीच्या टीमकडून उसनी आणलेली होती आणि मागच्या वर्षीच्या चार गोबिल्डाच्या पिवळ्या मोटरी होत्या, ३१२ आरपीएमच्या. ९६ चं चाक आणि ३१२ आरपीएम म्हणजे बिनओझ्याचा वेग सेकंदाला साधारण दीड मीटर, साडेतीन मीटरच्या मैदानाला भरपूर झाला.

आता प्रोटोटाइप. ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्रीला जो पूर आला त्यात टीमच्या एका मुलीच्या घराच्या तळमजल्यावर पाणी शिरलं होतं आणि आमचं सगळं सामान तिथेच. मोटरी, हब (रोबोचा कंट्रोलर) वगैरे वरच्या मजल्यावर नेऊन वाचवलं, पण फोमच्या टाइल्स आणि प्लायचे तुकडे भिजले. टाइल्स धुऊन वाळवल्या. प्लायही गच्चीत आठवडाभर उन्हात ठेवला, मग पोरांनी त्यातलाच १२ मिलिमीटरचा एक तुकडा ४०० बाय ४०० कापला, त्याला चार मोटरी, चार चाकं, हब, बॅटरी, झालं. नवीन प्लाय आणा म्हणून मी म्हणालो नाही. चूक माझी.

पहिल्यांदा चाकंही उलटी लागली होती. वरून बघितलं की चारही चाकांच्या रोलरचा मिळून फुलीसारखा आकार दिसला पाहिजे. आमचा चौकटसारखा दिसत होता. गंमत म्हणजे तसा रोबो पुढे-मागे जातो, आडवाही जातो (उलट्या बाजूला), फक्त जागच्या जागी फिरत नाही, कारण चारही चाकांचे जोर रोबोच्या मधूनच जातात, वळवायला हात लांब मिळतच नाही. प्रोग्रामर पोरगा दोन तास कोडमध्ये चूक शोधत बसला होता. डावी-उजवी बदलली आणि लगेच फिरायला लागला.

मग काय विचारता. बर्फावर घसरल्यासारखा रोबो, आडवा, तिरका, गोल, पोरं एकमेकांच्या हातून रिमोट हिसकावत होती. त्यानंतर सहा चाकीचा प्रोटोटाइपही बनवला पण तो कुणाला चालवायचाच नव्हता. त्यात मधलं चाक २ मिलिमीटर खाली घेतलेलं, पण फोम मऊ, वजन आलं की चाक रुततं आणि ते २ मिलिमीटर फोमच खाऊन टाकतो, सहाही चाकं टेकतात आणि वळताना रोबो धक्के देत वळतो. ४ केलं तेव्हा कुठे नीट वळला. पण तोपर्यंत मतदान होऊन गेलं होतं. नऊपैकी आठ मेकॅनम. मीही मेकॅनमच म्हणालो असतो, मला मत नव्हतं म्हणून बरं.

नवरात्र ३ ऑक्टोबरला सुरू झालं. बडोद्यात नवरात्रात संध्याकाळी सातनंतर कुठल्याही पोराकडून रोबोचं काम होईल अशी आशा ठेवू नये, नऊच्या नऊ जणं गरब्याला. म्हणून आम्ही दुपारी भेटायचो. तसा एका दुपारी मी चक्कीवरून गव्हाचं पीठ घेऊन परस्पर तिकडे गेलो, दहा किलोची कापडी पिशवी, आणि ती खाली ठेवायला कोरडी जागा नव्हती म्हणून एका पोराने मस्करीत ती रोबोवरच ठेवली. "काका, होम डिलिव्हरी." आणि आडवी चालवायला लागला.

रोबो आडवा जाईना. म्हणजे जात होता पण उजवीकडे दोन मीटर पाठवला की एक हात पुढे सरकलेला, आणि तोंडही फिरलेलं. डावीकडे पाठवला की तेवढाच मागे. सगळे गप्प. ड्रायव्हर मुलगी म्हणाली, "काका, आ तो त्रांसुं चाले छे." तिरकाच चालतोय हा.

पहिली गोष्ट आम्ही काय केली असेल तर पिशवी काढली. काढल्यावर परत बऱ्यापैकी सरळ. मग कुणीतरी म्हणालं की मॅचमध्ये तर हात असणार, लिफ्ट असणार, त्याचं वजन काय काढून ठेवणार आहोत का. मागच्या वर्षीचा आमचा रोबो चौदा किलोच्या आसपास होता आणि हा रिकामा प्लाय होता पाच किलोचा. आम्ही एक महिना पाच किलोच्या खेळण्यावर निर्णय घेत होतो. संध्याकाळपर्यंत, म्हणजे गरब्याच्या आधी, नवीन मतदान झालं आणि सहा चाकी जिंकली. मेकॅनम वजन घेत नाही, बाद.

मला ते पटेना. माझे आजोबा कलाभवनात शिकले होते, सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेलं ते कलाभवन, दादासाहेब फाळकेही तिथेच शिकले. आजोबांना कुठलंही यंत्र बिघडलंय असं सांगितलं की ते पहिलं विचारायचे, मोजलंस का. आम्ही काहीच मोजलं नव्हतं, नुसतं बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी कागदाची पट्टी घेतली. रोबो सपाट फरशीवर, पिशवी वर, प्रत्येक चाकाखाली कागद सरकवून ओढायचा. तीन चाकांखालचा कागद फाटायला आला. मागच्या डाव्या चाकाखालचा अलगद निघून आला. म्हणजे ते चाक जवळजवळ हवेतच. हॉटेलातलं डुगडुगणारं टेबल असतं ना, ज्याच्या पायाखाली आपण बिलाचा कागद घडी करून घालतो, अगदी तसं.

मग चार घरांतून स्वयंपाकघरातले डिजिटल वजनकाटे मागवले, दहा किलोवाले, एकेका चाकाखाली एकेक. एका आईने विचारलं हे परत येणार आहेत का. काट्यांवर मार्करने लिहिलं, पुढचा डावा, पुढचा उजवा, असं. आकडे आले ते असे: पुढचा डावा ५.१ किलो, पुढचा उजवा ३.३, मागचा डावा १.९, मागचा उजवा ४.३. बेरीज १४.६. रोबो ५.१ चा, म्हणजे पीठ साडेनऊच भरलं, दहा नाही, पण ते चक्कीवाल्याचं आणि माझं नंतर बघू, घट म्हणे.

आता हे आकडे जरा नीट बघा, कारण सगळं प्रकरण यातच आहे. पुढचा डावा आणि मागचा उजवा, ही कर्णावरची एक जोडी, तिच्यावर ९.४ किलो. दुसऱ्या कर्णावर ५.२. मेकॅनमला उजवीकडे जायचं असेल तर पहिली जोडी पुढे फिरते आणि दुसरी मागे. पहिलीचा जोर पुढे-उजवीकडे, दुसरीचा मागे-उजवीकडे. पुढचं आणि मागचं एकमेकांना खाऊन टाकतं आणि निव्वळ उजवं उरतं. पण हे तेव्हाच जेव्हा दोन्ही जोड्या सारख्या टेकल्यात. इथे दुसऱ्या जोडीतलं एक चाक फुकट फिरतंय, घसरतंय, म्हणून पुढचा जोर उरतो आणि रोबो उजवीकडे जाताना पुढे सरकतो. डावीकडे जाताना सगळं उलट, म्हणून मागे. आम्ही जे डोळ्यांनी पाहिलं होतं ते आकड्यात जसंच्या तसं लिहिलेलं होतं. आणि साधा टँक असता तर हाच वाकडा प्लाय त्याने मुकाट्याने खपवून घेतला असता, कारण त्याला पुढे जायला एका बाजूचं एखादं चाक कमी टेकलं तरी फारसं बिघडत नाही.

प्लायवर सरळ पट्टी ठेवली तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत उजेड दिसत होता. पुराच्या पाण्यात भिजून वाळलेला प्लाय, तो पिळवटलेला होता. रिकाम्या रोबोला फोमने सांभाळून घेतलं, चाकांना घसरायची वेळच येत नव्हती. वजन आल्यावर सगळं उघडं पडलं. तर दोष चाकांचा नव्हताच.

यावर पोरं म्हणाली की मग नवीन सपाट जाड प्लाय आणू, विषय संपला. इथे मात्र मी आडवा आलो. टाइल्स कधी एका पातळीत नसतात, त्यांचे दाते जुळतात तिथे उंचवटे असतात, आणि चार चाकांची एकदम ताठ फ्रेम म्हणजे चार पायांचं टेबल, कुठे ना कुठे डुगडुगणारच. तीन पायांचं स्टूल डुगडुगत नाही. ट्रॅक्टर बघितला नाही का कुणी, त्याचा पुढचा अॅक्सल मधोमध एका पिनवर असतो, एक चाक ढेकळावर चढलं तरी चारही चाकं जमिनीवर राहतात. तेच करायचं. प्लायचा पुढचा भाग कापून पट्टी वेगळी केली, त्यावर पुढच्या दोन मोटरी, आणि ती पट्टी मुख्य प्लायला मधोमध एकाच १० मिलिमीटरच्या बोल्टवर टांगली, मधे दोन वॉशर आणि नायलॉक नट, घट्ट नाही, हाताने डुलेल इतपत. बाजूंना दोन लाकडी ठोकळे ठेवले, म्हणजे पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त डुलणार नाही. एका दुपारचं काम.

परत काटे. पुढे ४.२ आणि ४.१, मागे ३.१ आणि ३.२. कर्ण जवळजवळ सारखे. दोन मीटर आडवा सोडला तर पुढे सरकला चार बोटं. आधी एक हात सरकायचा, तो आता चार बोटांवर आला. ड्रायव्हर मुलीने काही न बोलता परत डावीकडे आणला, परत उजवीकडे, असं आठ-दहा वेळा.

पण तोंड अजून फिरत होतं थोडं. आडवा जाताना नाक मागे राहायचं आणि शेपूट पुढे पळायची. इथे बारावीतल्या एकाने, ज्याला आम्ही तोपर्यंत फक्त सोल्डरिंगचा माणूस समजत होतो, वहीत गणित केलं. पुढे ८.३, मागे ६.३, पुढच्या-मागच्या चाकांत अंतर ३३ सेंटिमीटर, म्हणजे वजनाचा मध्य रोबोच्या मध्यापासून सव्वादोन सेंटिमीटर पुढे. वजनातलं साडेनऊ किलो पीठ, तर पिशवी साडेतीन सेंटिमीटर मागे घेतली की जमलं. घेतली. जमलं. आता पिशवी म्हणजे काय, तर उद्याचा हात आणि लिफ्ट. म्हणजे लिफ्टचा खांब कुठे उभा करायचा हे लिफ्ट डिझाइन करायच्या आधी आम्हाला पिठाच्या पिशवीने सांगितलं. मला विचाराल तर सगळ्या सीझनमधली सगळ्यात उपयोगाची रेघ हीच, प्लायवर पेन्सिलने मारलेली.

इतकं होऊनही मी लगेच मेकॅनम म्हणू दिलं नाही, कारण सहा चाकीच्या बाजूने एक खरा मुद्दा होता, ढकलणं. तो मोजायला सामान तोलायचा हुकवाला काटा आणला, एक टोक दाराच्या कडीला, एक रोबोला, दोन्ही रोबोंवर तेवढंच पीठ, आणि पूर्ण पॉवर. सहा चाकी तेरा किलोपर्यंत ओढत होता मग चाकं घसरायची. मेकॅनम साडेआठला घसरला. हे अपेक्षितच, कारण रोलर तिरका, जमिनीची पकड रोलरच्या अक्षाच्या दिशेनेच मिळते, त्यातला सरळ पुढचा वाटा सुमारे ७१ टक्के, आणि वर उसन्या चाकांचे रोलर जरा गुळगुळीत झालेले. म्हणजे कुणी आडवं आलं तर आम्ही हरणार, हे लिहून घेतलं.

पण त्याच वेळी प्रोग्रामर पोरगा स्क्रीनवर करंट बघत होता, हब प्रत्येक मोटरचा करंट सांगतो. सहा चाकी पूर्ण जोर लावताना चारही मोटरी मिळून २४ अॅम्पियरच्या आसपास, मेकॅनम सोळा. बॅटरीचा फ्यूज २० चा. या मोटरी पूर्ण अडकल्या तर एकेक ९.२ अॅम्पियर घेते, चार मिळून छत्तीसच्या वर, म्हणजे चाक घसरतंय हे बरंच म्हणायचं, नाहीतर फ्यूज उडायचा किंवा व्होल्टेज पडून हबच रीसेट व्हायचा. त्यामुळे सहा चाकीची ती ताकद आम्हाला पूर्ण वापरता आलीच नसती, वापरली असती तर फार वेळ नाही. कुणी विकत घेतलेली ताकद कपाटात ठेवायची असं झालं ते.

शेवटचा प्रयोग साधा. जमिनीवर चिकटपट्टीने भिंत आणि दांडी आखली, प्लायला एक झाडूची काडी पुढे बांधली, आणि काडीचं टोक दर फेरीला आधीच्या खुणेच्या बाजूच्या खुणेवर आणायचं. तेच वजन, तीच ड्रायव्हर, दोन्ही रोबोंवर दहा-दहा फेऱ्या, घड्याळ लावून. सहा चाकी सरासरी १३ सेकंद, मेकॅनम ९. मधल्या पळण्यात काही फरक नव्हता, दोघांचा वेग तोच. सगळा फरक शेवटच्या वीतभर जागेत. सहा चाकी चार बोटं चुकला तर मागे घ्या, वळवा, पुढे या, परत वळवा. मेकॅनम नुसता बाजूला सरकतो. तेच ते "थोडं बाजूला". दोन मिनिटांत ९ सेकंदांच्या तेरा फेऱ्या बसतात आणि १३ सेकंदांच्या नऊ, अर्थात काडीच्या फेऱ्या, खऱ्या हाताने ठोकळा पकडायला वेळ लागणारच, पण दोघांनाही सारखाच लागेल.

तिसरं मतदान झालं नाही, गरज पडली नाही. भाचीने वहीत लिहिलं, मेकॅनम, आणि खाली तीन अटी. पुढचा अॅक्सल डुलता राहणार. वजन पेन्सिलच्या रेघेवर, आणि कुणीही नवीन काही बसवलं की परत चार काटे. आणि ढकलायला जायचं नाही, वळसा घालायचा. तिसऱ्या अटीवर ड्रायव्हर मुलगी नाराज होती, तिला भिडायला आवडतं.

खरी फ्रेम दिवाळीनंतर बनली, ३ मिलिमीटर अॅल्युमिनियमची, जीआयडीसीत ओळखीच्या ठिकाणी लेझरवर कापून घेतली. प्लायवरचा बोल्ट जाऊन तिथे बेअरिंगवाली पिन आली, ती मी लेथवर केली. ऑटोनॉमसच्या, म्हणजे पहिल्या ३० सेकंदांच्या, वेळी अजून एक कटकट निघाली ती सांगून टाकतो. मोटरचा एन्कोडर (फेरे मोजणारा सेन्सर) एका चक्कराला ५३७.७ टिक देतो, त्यावरून रोबो किती गेला ते काढतात, पुढे-मागे जाताना ठीक येतं, पण एक मीटर आडवा जा म्हटलं की आमचा ८७ सेंटिमीटरवरच थांबायचा, कारण रोलर थोडे घसरतात आणि चाकाला ते कळत नाही. आधी कोडमध्ये आडव्या अंतराला १.१५ ने गुणलं, ते बॅटरी भरलेली असताना बरोबर आणि उतरलेली असताना चूक यायचं. मग दोन छोटी ऑम्नी चाकं, मोटरशिवाय, नुसत्या एन्कोडरवर, स्प्रिंगने जमिनीला टेकलेली अशी लावली. ती ओढली जात नाहीत, नुसती लोळतात, म्हणून खोटं बोलत नाहीत. हे पहिल्या दिवसापासून फ्रेममध्ये जागा ठेवून करायला हवं होतं, आम्हाला नंतर दोन भोकं हाताने पाडावी लागली आणि त्यातलं एक वाकडंच गेलं.

अजून एक त्रास राहिलाच. टाइल्सवरचे केस आणि धागे रोलरच्या दोन्ही टोकांना गुंडाळले जातात, मग एखादा रोलर जाम होतो, आणि रोबो परत किंचित त्रांसुं चालायला लागतो. दर तीन-चार मॅचनंतर चिमटा घेऊन बसायचं, दुसरा उपाय आम्हाला सापडला नाही. नववीतल्या दोघांना ते काम दिलंय, ती दोघं त्याला उवा काढणं म्हणतात.

उसनी चाकं परत केली, स्वतःची आली. पिठाच्या त्या पिशवीच्या पोळ्या कधीच झाल्या, बायकोला महिनाभर वाटत होतं मी चक्कीवर जायचं विसरलो. वजनकाटे तीन घरी परत गेले. चौथा आमचाच, त्यावर मार्करने "मागचा डावा" लिहिलेलं अजून गेलेलं नाही, त्यावर आता रवा तोलतात.